पाठीवरचे लाल वळ

माहेरच्या बायांनो, मी बोलते आणि फोन लिहितो. चुकलं तर त्याला हसा.

सकाळी सुनेनं माझी आखडलेली पाठ तेल लावून गुळगुळीत दगडानं घासली. चिनी ग्वाशा म्हणे. दुखणं पळालं, पण लाल वळ उठले.

"आई, आज आंघोळ नाय, वारा नाय, कोमट पाणीच प्या," म्हणत तिनं मला शालीत गुंडाळलं.

तेवढ्यात शेजारीण आली. माझी शाल सरकली.

"अगो बाय, सून मारते काय?"

परवाच सून तिला म्हणाली होती, "म्हातारीला आता काय कळत नाय." म्हणून मी नुसता उसासा टाकला.

आता सगळी बिल्डिंग कुजबुजते आणि सून आत रडते. सांगा, खरं आजच बोलू, की चार दिवस गप्प बसू?