उघडा सांधा

धायरीतल्या आमच्या चारमजली इमारतीची मागची बाजू एका गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता कोसळली. आत एकच माणूस होता. पांचाळ मिस्त्री त्यात गेले. इमारतीतल्या सगळ्या दारांच्या चौकटी त्यांनीच बसवल्या होत्या.

मिस्त्री धायरी गावातलेच. त्यांची चौकट म्हणजे चार सरळ लाकडे आणि पॉलिशचा एक हात. नक्षी नाही. भिंत आणि लाकूड यांच्यामधला सांधाही ते शोभेच्या पट्टीने झाकत नसत. मी पहिल्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा म्हणालो, "मिस्त्री, हे अर्धवट वाटतं."

"वाटू द्या. पट्टी मारली की भिंत काय करतीय ते दिसत न्हाई."

पुढे बहुतेकांनी इंटिरिअर करून घेतले. सांधे प्लायवूडखाली गेले. माझा आळसामुळे उघडा राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका लेलेबाईंनी आपला मुद्दाम तसा ठेवला.

मग शेजारच्या प्लॉटवर पायासाठी खोल खड्डा खणला गेला. पंधरवड्यात आमची दारे घासू लागली. सोसायटीने मिस्त्रींना रंधा मारायला बोलावले. त्यांनी रंधा पिशवीतून काढलाच नाही. लेलेबाईंच्या चौकटीत त्यांनी एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापे सारखी यायला हवी होती. बोटभर फरक आला. सांध्यात रुपया उभा राहील एवढी फट होती.

"दार बरोबर हाय," ते म्हणाले. "घर तिरकं झालंय. माणसं बाहेर काढा."

"मिस्त्री, आपण इंजिनिअर कधी झालात?" अध्यक्ष कुलकर्णींनी विचारले.

"न्हाई झालो. म्हणून तर दोरीनं मोजतो."

"आमच्याकडे कुठे फट नाही बुवा."

"पट्टी काढून बघा, साहेब."

पट्टी कोणी काढली नाही. दुसरा सुतार आला. त्याने एका दिवसात अकरा दारांना रंधा मारला. दारे पुन्हा लागू लागली.

मिस्त्री रोज सकाळी येत राहिले. लेलेबाईंच्या चौकटीवर पेन्सिलीने माप लिहायचे आणि दारोदार सांगत फिरायचे, "कालच्यापरीस वाईट हाय." जिन्यात लोक म्हणत, "आलं हवामान खातं." मी हसलो नाही, पण घरही सोडले नाही.

गुरुवारी सकाळी लेलेबाईंचे दार उघडेना. मिस्त्रींनी पहारीने स्वतःची चौकट उखडली आणि बाईंना बाहेर काढले. जिन्यात गिलावा पडू लागला होता. सगळे रस्त्यावर धावले.

कुलकर्णी म्हणाले, "चौथ्या मजल्यावरचे देशमुख दिसत नाहीत."

"दार अडकलं असंल," म्हणत मिस्त्री पहार घेऊन परत वर गेले. वरून दारावर थापा मारल्याचा आवाज आम्ही ऐकला.

देशमुख कुटुंब आदल्या संध्याकाळीच हडपसरला मेहुण्यांकडे गेले होते. मिस्त्रींचे म्हणणे पटले होते, पण लोक हसतील म्हणून कोणाला सांगितले नाही, असे त्यांनी पोलिसांना सांगितले.