रकाना भरण्यापुरतं एक नाव

वृंदाचा नवरा शिरीष कधी फोन करत नाही. तो मेसेज पाठवतो, तोही दोन शब्दांचा, आणि त्यातला एक ‘ओके’ असतो. त्यामुळे त्या बुधवारी सकाळी, ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये ‘सर्वसमावेशक’ आधी यावा की ‘परिणामकारक’ यावर गंभीर चर्चा चालू असताना, फोनवर त्याचं नाव दिसलं तशी मी माइक बंद करून फोन उचलला. “ज्योती, वृंदा गेली,” तो म्हणाला. मी विचारलं, “कुठे?” मग मला कळलं... सकाळी चहाचं आधण ठेवून ती ओट्याशी उभी होती. डोकं दुखतंय म्हणाली, खाली बसली, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चोपन्न वर्षांची होती. त्याच रविवारी आमचं शूटिंग ठरलं होतं. शूटिंग हा शब्द जरा थाटाचा झाला. मी गाडी चालवायची आणि वृंदानं शेजारी बसून कॅमेरा धरायचा, एवढंच होतं ते.

दुपारपर्यंत हर्नडनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग लागली. कुणीतरी वृंदाच्या फोटोभोवती हलती ज्योत असलेली चौकट लावली आणि खाली लिहिलं, ‘प्रतिभावान चित्रपट दिग्दर्शिका’. हेच गृहस्थ गेल्या दिवाळीत तिला विचारत होते, “काय, संपला का तुमचा तो मोबाइलवरचा उद्योग?” वृंदा असती तर तिनं तो मेसेज मला पुढे पाठवून खाली फक्त लिहिलं असतं, “बाप्पा!” मी तिच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ वाट पाहिली. सवय.

आमची ओळख गाडीत झाली. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघी नवऱ्यांच्या व्हिसावर इथे आलो. मी पुण्याची, इंग्रजी घेऊन एम. ए. ती नागपूरची, कॉम्प्युटर इंजिनिअर. दोघींनाही नोकरी करायची परवानगी नव्हती आणि गाडी येत नव्हती. व्हर्जिनियाच्या या भागात गाडी न येणं म्हणजे काय, ते भारतात बसून नीटसं कळत नाही. फुटपाथ असतो, पण तो मध्येच, कुणी वाक्य अर्धवट सोडावं तसा संपतो. आमच्या अपार्टमेंटमध्ये नव्यानं आलेल्या बायकांना एकच नाव सांगितलं जायचं, ते कुमुदमावशींचं. मूळच्या सांगलीच्या, नवरा लवकर गेलेला, कौंटीच्या लायब्ररीत नोकरी. दर रविवारी सकाळी सातला, ऑफिसांच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, त्या आपल्या जुन्या बिस्किटी रंगाच्या गाडीत मुलींना ड्रायव्हिंग शिकवत. त्यांच्या बाजूला पायाशी एक जादा ब्रेक बसवून घेतलेला होता. फी एकच, घरची एक भाजी. “पैसे दिलेत की तुम्ही गिऱ्हाईक होता, आणि गिऱ्हाइकाला ओरडता येत नाही,” असं त्या म्हणायच्या.

त्या एका वेळी दोघींना घेत. एक चालवणार, दुसरी मागे. मागच्या सीटचा नियम कडक होता. मागे बसणारीनं तोंड उघडायचं नाही, फक्त बघायचं. हा नियम मी पाळला आणि वृंदानं एकही रविवार पाळला नाही. मी डावीकडे वळायला लागले की मागून आवाज यायचा, “ज्योती, तो माणूस थांबून राहिला तुझ्यासाठी, त्याला दिवाळीपर्यंत थांबवते का?” मावशी मागे न बघता म्हणायच्या, “वृंदा, उतर.” ती उतरायची नाही. माझ्या उसळीतल्या गुळावरून तिनं इतकी वर्षं मला छळलं, पण पहिल्यांदा छळलं ते त्याच सीटवरून. तिच्या सांबारवड्या, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवड्या, मात्र मावशी घरी न्यायची वाट न बघता पार्किंगमध्येच संपवायच्या.

पुढे व्हिसे बदलले, नोकऱ्या लागल्या. वृंदा सॉफ्टवेअर तपासायच्या कामात गेली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार तिला मिळायला लागला. मी सरकारी कंत्राटांसाठी प्रस्ताव लिहिते. या गावात त्याला उद्योग म्हणतात. एखाद्या कंपनीनं जे काम कधी केलेलं नाही, त्याचा तिला किती गाढा अनुभव आहे, हे मी ऐंशी पानांत सिद्ध करते. चारेक वर्षांपूर्वी वृंदानं नोकरी सोडली आणि कम्युनिटी कॉलेजात फिल्मच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात सगळी तिच्या ईशाच्या वयाची मुलं. ईशा म्हणाली, “आई, धिस इज सो एम्बॅरसिंग.” वृंदा म्हणाली, “तुझ्या शाळेत गॅदरिंगला मी येत होते ना? आता तू ये माझ्या.”

माहितीपट करायचा तो कुमुदमावशींवर, हे तिचं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. गेल्या वर्षी मात्र घाई करायला कारण झालं. मावशी पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्या होत्या, डोळ्यांच्या मधोमध धूसर दिसायला लागलं होतं, आणि लायसन्सचं नूतनीकरण पुढच्या वसंतात होतं. त्यात डोळे तपासतात. “तोवर शूट झालं नाही तर राहिलं,” वृंदा म्हणायची. पण कॅमेरा, आवाज, संकलन यांना पैसे लागतात, आणि इथले अनुदान देणारे एकट्यादुकट्या माणसाला दारात उभं करत नाहीत. त्यांना धर्मादाय म्हणून नोंदलेली संस्था लागते. यावर इथे एक तोड आहे. तिला फिस्कल स्पॉन्सरशिप म्हणतात. एखादी नोंदलेली संस्था तुमच्या कामावर आपली छत्री धरते. अनुदान आणि देणग्या तिच्याकडे येतात, देणाऱ्याला करात सवलत मिळते, संस्था थोडा वाटा ठेवून बाकीचं तुम्हाला देते, आणि काम ठरल्याप्रमाणे होतंय का यावर लक्ष ठेवते.

मंडळही नोंदलेलं असल्यामुळे आम्ही आधी तिथे गेलो. कमिटी अत्यंत उत्साही होती. फक्त सुरुवातीला अध्यक्षांचं मनोगत असावं, दोन मिनिटांचं, आणि शेवटी कार्यकारिणीचा ग्रुप फोटो. वृंदानं विचारलं, “अध्यक्षांना मावशींनी गाडी शिकवली का?” नव्हती शिकवली. त्यांना गाडी येतच होती, असं ते जरा दुखावून म्हणाले. परत येताना वृंदा म्हणाली, “दोन मिनिटं म्हणजे किती, माहीत आहे ना तुला? गणपतीला आरती थांबली होती यांच्या दोन मिनिटांसाठी.”

मग तिनं वॉशिंग्टनमधल्या, कलावंतांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा अर्ज काढला आणि साहजिकच माझ्याकडे आणला. मी शनिवार-रविवार बसून तो लिहिला. त्यात ‘स्थलांतरित स्त्रियांच्या स्वायत्ततेचा अवकाश’ होता, ‘आंतरपिढीय ज्ञानसंक्रमण’ होतं, बरंच काही होतं. वृंदानं माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला, आणि चुका शोधायच्या जुन्या सवयीनं लाल पेन मागितलं.

“हे छान आहे,” ती म्हणाली. “पण यात मावशी कुठाय?”

“तिसऱ्या परिच्छेदात.”

“तिथे ‘सामुदायिक मार्गदर्शक’ आहे कोणीतरी. ती बाई मला नाही माहीत.”

तिनं स्वतः लिहिलं ते अर्धं पानही नव्हतं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. ‘गाडी येत नव्हती तेव्हा घरातलं दूध संपलं, की नवरा येईपर्यंत ते संपलेलंच असायचं. ज्या बाईनं हे बदललं, तिला आता दिसेनासं होत चाललं आहे.’ मी पंधरा वर्षं प्रस्ताव लिहितेय, आणि असं एक वाक्य मला कुणी लिहू दिलेलं नाही... खरं म्हणजे सुचलेलंही नाही.

शेवटच्या पानावर एक रकाना होता. प्रमुख व्यक्ती काही कारणानं काम पुढे नेऊ शकली नाही, तर ते कोण पूर्ण करील? वृंदा तिथे अडली. मला हसू आलं. आमच्या धंद्यात असे रकाने रोज भरले जातात. भारदस्त नावं घालायची, कंत्राट मिळवायचं, नंतर त्या माणसांना कुणी शोधत नाही. “माझं घाल,” मी म्हणाले.

“विचार करून सांग.”

“अगं, रकाना आहे तो. भरायचा असतो. सही कुठे करू?”

“तुला कॅमेरा धरता येतो का?”

“मला रकाना भरता येतो.”

तिनं अर्ज माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, “कर सही. पूर्ण नाव लिही.” मी झोकदार सही केली आणि कुकर बंद करायला गेले.

मुलाखत व्हिडिओवर झाली. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी बाजूला बसले होते. समोरच्या तिघांपैकी एका बाईंनी नेमका प्रश्न विचारला, फिल्म पूर्ण व्हायच्या आत लायसन्स गेलं तर? मी कागदावर भराभर उत्तर खरडायला लागले. वृंदानं तिकडे बघितलंही नाही. ती म्हणाली, “मग त्या मागच्या सीटवर बसतील. तीस वर्षांत त्या स्वतःच्या गाडीत मागे बसलेल्या नाहीत. तोच माझा शेवट.” बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी होकार आला, आणि वृंदानं मला भाजी आणून दिली. गुळाची उसळ. स्वतः केलेली, आणि अर्थातच बिघडलेली.

पुढच्या वर्षभरात तिनं बहुतेक सगळं शूट केलं. मागच्या सीटवरूनच. दर रविवारी केस वर घेऊन त्यात क्लचर खोचायचा, कॅमेऱ्याच्या पट्ट्यात केस अडकायला लागले की तो काढून खिडकीवरच्या हँडलला लावायचा, आणि घरी जाताना तिथेच विसरायचा. या वसंतात मावशी डोळे तपासायला गेल्या. त्यांना वरची ओळही धड वाचता आली नाही. त्यांनी काउंटरवरच्या माणसाला लायसन्स परत दिलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. मीही मला पास केलं नसतं.” मग राहिला तो शेवट. तो त्या रविवारी ठरला होता, आणि वृंदा बुधवारी गेली.

दिवसकार्य झालं, पाहुणे परतले, आणि संस्थेकडून मला पत्र आलं. सांत्वन नीटस होतं, माझ्या धंद्यातल्या कुणीतरी लिहिलेलं असावं. त्यानंतर मुद्दा. अर्जात तुमचं नाव आहे. काम पुढे नेणार असाल तर महिनाअखेर कळवा. नसाल तर प्रकल्प बंद करू, आणि उरलेला निधी दुसऱ्या कामांकडे वळवू. मी त्याच दिवशी नकार लिहिला. उत्तम लिहिला. ‘कलाकृतीच्या प्रतिष्ठेला साजेसा न्याय’ वगैरे. पाठवायचा तेवढा राहिला.

पत्राबद्दल मी ईशाला सांगितलं होतं. शनिवारी ती हार्ड ड्राइव्ह घेऊन आली. “ज्योती मावशी, यू हॅव टू हिअर समथिंग,” म्हणाली. चित्रात पार्किंग होतं, मावशी पुढे, शिकणारी मुलगी अजून यायची होती. वृंदा दिसत नव्हती, पूर्ण फिल्मभर ती कुठेच दिसत नाही. मावशी समोर बघत विचारतात, “वृंदा, माझे डोळे तुझ्या आधी गेले तर हे अर्धवटच राहणार का गं? आणि तूच दमलीस तर?” मागून वृंदाचा आवाज येतो, तोंडात काहीतरी असावं. “ज्योती आहे ना. सही केली आहे तिनं.”

“ज्योतीला येतं का हे?”

“नाही. पण पुण्याची आहे. लिहून दिलं की करते. तिला अजून समजलं नाही, एवढंच.”

ईशानं ते थांबवलं. मग मी नकार खोडला आणि संस्थेला एका ओळीचं पत्र लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं.

मागच्या रविवारी सातला आम्ही गेलो. बिस्किटी गाडी मी चालवत होते, शेजारी ईशा कॅमेरा मागे वळवून बसली होती. मावशी काठी सावरत मागे बसायला गेल्या आणि दारातच थांबल्या. त्यांचा हात वर हँडलला लागला होता, आणि हँडलला तपकिरी क्लचर होता, दोन केस अडकलेला. “हे काय?” त्यांनी चाचपून विचारलं. ईशा म्हणाली, “आईचा.” मी काढायला हात पुढे केला. “असू दे,” मावशी म्हणाल्या, आणि त्याच्या खालीच बसल्या.

मी गाडी पार्किंगमधून बाहेर काढून रस्त्यावर घेतली. मावशी आपला नियम पाळत गप्प होत्या. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला मला डावीकडे वळायचं होतं. समोरून आलेली एक गाडी माझ्यासाठी थांबली होती, पण माझा पाय ब्रेकवरून उठेना. मावशींना ती गाडी दिसत नव्हती. आरशात बघितलं तर त्या डोळे मिटून, मान किंचित वर करून बसल्या होत्या, आणि वळण घेताना तो क्लचर त्यांच्या केसांना लागेल इतका जवळ होता. मी अजून थांबलेलीच होते...

“ज्योती,” मागून आवाज आला, “दिवाळीपर्यंत थांबवणार आहेस का त्याला?”

मी वळले.