साइडवाली सीट

लेकरासाठी कार सीट कशी निवडावी हे सांगाले बसलो म्हनल्यावर तुमाले वाटलं असन, याच्या दारात गाडी असन, घरात बायको असन, लेकरू त असनच. तिन्ही नव्हतं. माह्याजवळ एक सायकल होती, आन् तिच्याबी क्यारियरची स्प्रिंग गेलती. सीट मातर मीच निवडली. त्या साली मध्यप्रदेशातल्या आमच्या बालाघाटात दुसऱ्या कोनी असली सीट घेतली असन, त थो मले तरी भेटला नाही.

ताईले अमेरिकेत जाऊन चार वर्सं झालती. दर रविवारी सकाळी तिचा फोन ये. आई कुकर बंद करे, बाबा टीव्ही बंद करत, आन् आम्ही तिघं फोनभोवती बसाले वेताचे मोढे घेऊन बसो. बाकी सहा दिवस घरात कुकरचाच आवाज. माहे दोस्त एकेक करून निघून गेलते, कोनी नागपूरले, कोनी इंदूरले, एक मलाजखंडच्या खदानीत ठेकेदाराकडं. चौकात उभं राहाले कोनी उरलं नव्हतं. मंग माह्या नकला पाहाले दोनच मानसं, आई आन् बाबा. जेवताना मी बाबाच्या दफ्तरातल्या बडे बाबूले बोलावो, शेजारच्या काकूले बोलावो, तुमसरच्या बसच्या कंडक्टरले बोलावो. ताटं तीन, पन आवाज दहा मानसायचे.

पह्यले ताईचीबी नक्कल करो. मंग थे जमनं बंद झालं. फोनवर ती ‘कसा आहेस तू? अभ्यास करतोस ना?’ असं इचारे, आन् लाइनीत आवाज मागंपुढं होते म्हनून दर वाक्यानंतर थांबे, जशी साहेबीन अर्ज घेऊन राह्यली. थो आवाज मी करून दाखवला का आई म्हने, ‘हे कोन होय?’

तिचं पोरगं आठ महिन्याचं झालं तवा तिनं सांगितलं का दिवाळीले येते. जवायाले सुट्टी नव्हती. ती एकटी, दोन बॅगा आन् लेकरू, म्हनून तिकडची सीट आनता येनार नव्हती. पह्यले पुण्याले सासरी, मंग रेल्वेनं नागपूर, आन् तिथून आम्ही ठरवलेल्या गाडीत बालाघाट. पन एक अट होती. ‘गाडीत त्याच्यासाठी कार सीट हवी, साइड इम्पॅक्ट प्रोटेक्शनवाली. ती मिळाली नाही तर मी पुण्यालाच राहीन. तुम्हीच या तिकडे.’

आईनं उठून कुकर परत लावला.

आमच्याकडं साइड म्हनजे दोनच गोष्टी. एक, मागचा ट्रक हॉर्न मारून मागते थे. दुसरी, रेल्वेतली बर्थ. बाबानं फोनवर अर्धंच आयकलं. दुसऱ्या दिवशी दफ्तरातून खुश होऊन आले, म्हने, पुण्याहून साइड लोअर भेटून राह्यलं, लेकराले मस्त पाय पसरता येतीन. मी त्याईले समजावलं का सीट गाडीत बसवाची आहे. बाबा म्हने, गाडीत त सीट राह्यतेच.

मंग ताईनं ईमेल पाठवला. सायबर कॅफेत त्याची तीन पानं काढली आन् मी परीक्षेसारखी पाठ केली. डोक्याच्या दोन्ही बाजूले जाड कान पाह्यजेत. लेकराचं डोकं त्या कानाच्या आतच राह्यलं पाह्यजे. आतून फोम पाह्यजे, नुसतं कापड नाही. लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूले पाह्यजे. आन् पट्टा आवळला का सीट हलली नाही पाह्यजे.

नागपूरच्या दुकानात दोनच सीटा होत्या. एक पिवळी, तिच्यावर हत्ती, समोर खेळाले मनी. दुसरी राखाडी, दिसाले डॉक्टरच्या दवाखान्यातली. मी साइड इम्पॅक्टचं इचारलं त दुकानदार म्हने, ‘साइड से एकदम मजबूत है, आप बैठ के देख लो.’ मी बसलो नाही. पिवळीच्या बाजूवर बोटं वाजवली त बादलीसारखी वाजली. तिचे कान म्हनजे थाळीची कोर. राखाडीवर वाजवलं त तांदळाच्या पोत्यावर वाजवल्यासारखं, धप्प. मूठ दाबली त फोममधी रुतली आन् हळूच वर आली. मले हत्ती लय आवडले होते. पन राखाडी घेतली.

घरी येऊन टॅक्सीवाल्याले गाठलं. त्याच्या गाडीत मागच्या सीटले पट्टेच दिसत नव्हते. थो म्हने, ‘पीछे का पट्टा कौन बांधता है भैया?’ रेक्झीनचं कव्हर उसवलं तवा खाली पट्टे सापडले, त्यायच्याबरोबर एक कंगवा आन् मूठभर शेंगदाण्याचे फोल.

ताई याले महिना होता. सीट दिवानावर राह्यली. लेकरू आठ किलोचं म्हनून मी आठ किलो तांदूळ पिशवीत बांधून त्यात बसवले आन् पट्टे लावाची सवय केली. दुपारी बाबा दफ्तरात, आई झोपलेली, आन् मी तांदळासमोर बसून बकरी, कावळा, कंडक्टर. तांदूळ हासत नव्हते. एक दिवस मी त्याईले म्हनलं, ‘कसा आहेस तू?’ मंग पिशवी सोडून डब्यात ओतून देल्ली.

नागपूर टेशनावर ताईनं सीटचे कान दाबले, सीट हलवून पाह्यली, हलली नाही. म्हने, ‘छान. थँक यू.’

मले. थँक यू.

गाडीत लेकरू खिडकीकडं सीटमधी, मधात मी, पलीकडं ताई. लहानपनी मामाच्या जीपमधीबी असंच राहे. दाराकडं ती, आत मी, आन् दार उघडं पडन म्हनून तिचं कोपर पूर्न रस्ता माह्या छातीवर. मी खिडकीसाठी भांडो. आता मी कावळा केला, बकरी केली. लेकरू माह्याकडं तांदळासारखंच पाहे.

कटंगीत बाजाराचा दिवस होता, गाडी अडकली. बाटलीसाठी गरम पानी आनाले ताई चायच्या टपरीवर उतरली. ती दिसेनाशी झाली आन् लेकरू रडाले लागलं. दोन मिनिटाची गोष्ट, असं म्हनून मी पट्टा खोलला आन् त्याले मांडीवर घेतलं. थो चूप. माहं नाक धरलं त्यानं. मी कुकरची शिट्टी केली, आन् थो हासला. महिनाभराचं उधार त्यानं एकदम देल्लं.

तेवढ्यात मागच्या बसनं साइड मागतली. ड्रायव्हरनं गाडी समोर घेतली. हॉर्ननं बाजारातून येनारा एक बैल बिचकला आन् सीटच्या बाजूच्या दारावर आदळला. धाडकन. गाडी हलली, लेकराचं डोकं माह्या हनवटीवर आपटलं. बाजूले राखाडी सीटचे दोन्ही कान रिकामी जागा सांभाळून बसले होते.

ताई बाटली फेकून धावत आली. लेकरू घेतलं, डोकं चाचपलं. नुसतं लाल झालतं, पन लेकरू रडून राह्यलं होतं. तिनं त्याले सीटमधी बसवलं, पट्टे लावले, दोनदा ओढून पाह्यले. मंग माह्याकडं वळली.

‘काहून काढला रे त्याले?’

चार वर्सात पह्यल्यांदा तिच्या तोंडून आपल्याकडचं ‘काहून’ आयकलं. मले रडाले पाह्यजे होतं. मले हासू आलं.

‘दात काहून काढून राह्यला, गधड्या? तीन पानं लिहून पाठवलती ना तुले? नुसती पाठ केली? त्याच्या डोक्याले काही झालं असतं, मंग कोनाची नक्कल करून दाखवली असती मले? ऊठ तिथून. समोर ड्रायव्हरजवळ बस. आन् बालाघाट येईपर्यंत मागं पाहू नको, तुले पाहून थो अजून रडते.’