सोफ्याचा उजवा कोपरा

"आवं, हितं बसा की सायेब, सोफ्यावर. लय लांबनं आलायसा."

मी बसलो. सोफा तपकिरी, फुलाफुलांच्या कापडाचा होता. उजव्या कोपऱ्यात मी अपेक्षेपेक्षा जरा खोल गेलो. मांडीवर फॉर्म ठेवला आणि 'घरातील वस्तू' या रकान्यात लिहिलं : सोफा, एक.

म्हसवडच्या पुढच्या एका वाडीतलं हे घर. पत्र्याची एक खोली, पण आत टेबलफॅन फिरत होता. पाणी काचेच्या ग्लासातून आलं, चहा सोनेरी काठाच्या कपबशीतून. ताटलीत सफरचंदाच्या फोडी होत्या. दाराची फळी बिजागऱ्यांतून काढून बाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती. मी लिहिलं : घरदुरुस्ती चालू.

माझं काम थोडं सांगायला हवं. सांगलीत विश्रामबागला आमच्या ट्रस्टचं ऑफिस आहे. हुशार पण बेताच्या परिस्थितीतल्या मुलामुलींना आम्ही पुढच्या शिक्षणासाठी मदत करतो. मी गृहभेटी करतो. अर्जात लिहिलेलं घर आणि खरं घर एकच आहे का, हे डोळ्यांनी बघून यायचं, याला गृहभेट म्हणतात. जायच्या आदल्या दिवशी फोन करायचा, असा नियम आहे. परत आलं की रिपोर्ट लिहायचा आणि समिती त्यावर ठरवते.

अर्ज अश्विनीचा होता. बारावीला तालुक्यात नाव झालेलं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटरची सीट लागली होती. ट्यूशन फी सरकार भरणार होतं. पण हॉस्टेल, मेस, पुस्तकं ही ज्याची त्यानं बघायची. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलींचं गाडं फीवर नाही, मेसवर अडतं. तिचे वडील तानाजी लोणंदच्या मार्केटात कांद्याची पोती उचलायचे, आई सुमनताई दुसऱ्यांच्या रानात जायच्या. शनिवारी आमची यादी ठरणार होती आणि सोमवारी हॉस्टेलच्या जागेची मुदत संपणार होती. मदत मिळाली नाही, तर पोरीला म्हसवडलाच कुठल्याही कॉलेजात घालायचं, असं वडिलांनी मला सरळ सांगितलं.

हे सांगताना ते चौकटीत उभे होते. सुमनताई चुलीपाशी, अश्विनी भिंतीला टेकून. मी विचारेन त्याची ती नेमकी उत्तरं देत होती, एक शब्दही जास्त नाही.

परतीच्या एसटीत मी रिपोर्ट पूर्ण केला. खाली शेरा लिहिला : 'अर्जातील माहिती व प्रत्यक्ष परिस्थिती यांत तफावत. शिफारस नाही.' लिहिताना वाईट वाटलं, पण अक्षर चांगलं आलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आवटी सरांनी रिपोर्ट वाचला. सर आमचे सचिव. हायस्कूलात तीस-एक वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. मला ते कायम 'माने' आणि 'तुम्ही' म्हणायचे. रिपोर्टही गणिताचा पेपर तपासावा तसे वाचायचे, म्हणजे उत्तर आधी बघायचे नाहीत.

"माने, तुम्ही कुठं बसलात?"

"सोफ्यावर."

"शेजारी कोण बसलं?"

"कुणीच नाही."

"वडील?"

"उभे होते. सगळेच उभे होते, सर."

सरांनी चष्मा काढला. "बारा तास पोती उचलणारा माणूस घरी आलाय. घरात सोफा आहे. आणि तो उभा आहे. स्वतःच्या सोफ्यावर माणूस बसतो, माने."

त्यांनी रिपोर्टच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि हे घरदुरुस्ती काय?"

"दार काढून ठेवलं होतं."

"सिमेंट होतं? वाळू?"

"नव्हती."

"मग दार कशाला काढलं असेल?"

मी रिपोर्ट पुन्हा चाळला. सर म्हणाले, "दाराची रुंदी आणि सोफ्याची रुंदी, एवढंच गणित आहे. उद्या आपण दोघं जाऊ."

"फोन करतो."

"नको."

"सर, न कळवता जायचं नाही हा नियम तुम्हीच केलाय."

"कुणाच्या घरात अचानक शिरू नये म्हणून केलाय. आपण घरात शिरणारच नाही. आळीच्या तोंडाशी बसू. लोक बोलतात."

शुक्रवारी विट्याहून पुढं एसटी बदलून वाडीत पोचलो. आळीच्या तोंडाशी एक पक्कं घर होतं. त्याच्या ओसरीवर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. तपकिरी, फुलाफुलांच्या सोफ्यावर.

सोफा मी लगेच ओळखला. मिशीवाल्यांनी मला त्याहून लवकर ओळखलं.

"या की सायेब! बुधवारचं तुमीच न्हवं? मग, पसंत पडली का आमची पोरगी?"

ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सरांनी स्वतःची ओळख करून दिली आणि सोफ्याकडे बोट दाखवलं. "हा तिथून इथं कसा आला?"

"तिथनं न्हाई वो, हितनं तिथं गेलता," सुभेदार मोकळेपणानं हसले. "आमच्या आळीची रीतच हाय ती. कुनाच्या बी पोरीला बगायला पावनं आलं की सोफा माजा, कपबश्या शाळंतल्या बाईंच्या, फॅन दुकानदाराचा. तानाजीचं दार बारकं, म्हनून फळी काढाय लागली. चौघं लागलो आमी. सफरचंदं तेवडी म्हसवडनं आनली."

"पण हे लग्नाचं बघणं नव्हतं," मी म्हणालो.

"त्ये ठावं हाय की! पर पावनं त्ये पावनं. पोरगीच बगाय आलतासा न्हवं?"

एका अर्थी ते खरंच होतं.

तेवढ्यात अश्विनी वही घेऊन ओसरीवर आली आणि आम्हाला बघून थबकली. मागोमाग सुमनताई आल्या, हातात खुरपं. सगळा प्रकार त्यांच्या लगेच ध्यानात आला. त्यांचा चेहरा उतरला.

"आमचं काय चुकलं का सायेब?"

"नाही ताई," सर म्हणाले. "चुकलं असेल तर आमचं."

अश्विनी माझ्याकडे बघत म्हणाली, "मी सांगत होते आईला, जसं आहे तसं राहू दे. तर म्हणाली..."

"काय म्हनले गं मी? खरं तेच म्हनले," सुमनताईंनी तिला तोडलं. "घरी आलेल्या पावन्याच्या ताटात काय गरिबी वाढत्यात व्हय?"

"मग परवा तू मला का सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत, सर. वस्तू कोणत्या, एवढंच विचारलंत. कुणाच्या, ते नाही."

सर खाली मान घालून हसले. मग त्यांनी तिला विचारलं, "अभ्यासाला कुठं बसतेस?"

तिच्याऐवजी सुभेदारांनी उत्तर दिलं. ते उठले आणि सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यावर थाप मारली. "हितं. आमच्याकडं इन्व्हर्टर हाय, लाइट जात न्हाई. दोन वर्सं रोज हितंच. ह्यो खड्डा बगा, ह्यो तिनंच पाडलाय. मी म्हनतो स्प्रिंग बदलून घेऊ, तर आमची मंडळी म्हनत्यात, पोरगी सांगलीला गेली की मग बदला."

बुधवारी मी त्याच खड्ड्यात बसून तिची शिफारस नाकारायची तयारी केली होती.

शनिवारी समितीपुढं नवा रिपोर्ट गेला. 'घरातील वस्तू' पुढं मी लिहिलं होतं : सोफा, एक, शेजाऱ्यांचा. कपबश्या सहा, शेजाऱ्यांच्या. फॅन, शेजाऱ्यांचा. सभासदांपैकी एक जण व्यापारी. माणूस वाईट नाही, पण बोलायला तिखट.

"शेजारी एवढे चांगले आहेत म्हणता. मग त्यांनाच सांगा की मेसचं बघायला!"

मी सरांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यांच्याजवळ सोफा होता, तो त्यांनी दिला. उजेड होता, तोही दोन वर्षं दिला. मेस त्यांच्याजवळ नाही. ती आपल्याजवळ आहे."

व्यापाऱ्यांनी कागद पुढं ओढला आणि पहिली सही केली. मग म्हणाले, "आवटी, तुमच्याशी वाद घालायचा म्हणजे शाळेत परत बसल्यासारखं वाटतं."

अश्विनीला हॉस्टेल मिळालं. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. सुभेदारांनी स्प्रिंग बदलली की नाही, हे दर सुट्टीनंतर ती सरांना येऊन सांगायची. बदलली नाही. सुट्टीत पोरगी येते, मग बसायची कुठं, असं तिथलं म्हणणं.

सर गेल्या महिन्यात गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. घरात वेताच्या दोनच खुर्च्या होत्या, त्या मी वर्षानुवर्षं बघत आलो. त्या दिवशी मात्र दारापर्यंत खुर्च्या होत्या, प्रत्येक वेगळ्या रंगाची. वरच्या मजल्यावरून, समोरच्या घरातून आणलेल्या. सरांच्या पत्नी भिंतीशी उभ्या होत्या. अश्विनी हॉस्टेलवरून आली, एक खुर्ची उचलून त्यांच्याजवळ ठेवली आणि म्हणाली, "काकू, आधी तुम्ही बसा." त्या बसल्या. मग ती त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसली.

समितीच्या त्या शनिवारनंतर सरांनी फॉर्मच्या तळाशी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती : 'घरातली माणसं कुठं बसली होती?' फॉर्म पुन्हा टाइप झालाच नाही. आम्ही त्यांच्या अक्षराच्या झेरॉक्स काढत राहिलो. अक्षर दर वर्षी थोडं फिकट होत गेलं.

आता ट्रस्ट हे काम टॅबवर नेतोय. परवा सॉफ्टवेअरवाली मुलगी फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसली होती. शेवटच्या ओळीवर ती थांबली.

"सर, हे कशासाठी? ऑप्शनल ठेवू?"

"नको," मी म्हणालो. "हे भरल्याशिवाय शेऱ्याचं पान उघडायला नको."

आदल्या दिवशी फोन करायचा नियम आम्ही बदललेला नाही. लोक अजूनही सोफे आणतात.