प्रभूची खुर्ची

आमच्या डायनिंग टेबलाला चार खुर्च्या आणि घरात जेवणारी माणसं चार: सासूबाई, नवरा, नणंद आणि मी. सगळं सुरळीत चाललं होतं. ते बिघडवलं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, पहिल्याच रविवारी त्यांनी उपदेशात सांगितलं की प्रभू आपल्या घरात चोवीस तास असतो, आपणच तो नसल्यासारखे वागतो. म्हणून ईस्टरपर्यंत घरात एक खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेवा, तिच्याकडे लक्ष गेलं की त्याची आठवण राहील. बाकीच्या मंडळीनं माना डोलावल्या आणि घरी जाऊन वरणभात खाल्ला. सासूबाईंनी मात्र घरी आल्या आल्या चारही खुर्च्या हलवून बघितल्या.

त्यातली एकच खुर्ची डुगडुगत नव्हती. तिला गादी होती आणि ती बरोबर पंख्याखाली यायची. ती माझी होती. सासूबाईंनी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि मला स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. देवाला काय मोडकी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. स्टूल इतकं बुटकं की ताट माझ्या हनुवटीपाशी यायचं. मी रोज जेवताना त्या खुर्चीकडे रागाने बघायचे. आयुष्यात कधी नव्हे इतकी प्रभूची आठवण मला त्या दिवसांत झाली, पण तिला भक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नवऱ्याची पंचाईत वेगळीच. तो वाळूजच्या एका कारखान्यात आहे. सकाळी साहेबाचा फोन आला की घरातूनच "रस्त्यात आहे सर" असं सांगायची त्याची जुनी सवय. आता खुर्चीसमोर तसं सांगणं त्याला जमेना. तो फोन घेऊन बाथरूममध्ये जाऊ लागला. तिथं प्रभू नसतो का, असं मी विचारलं, तर म्हणाला, तिथं खुर्ची नाही.

खुर्चीशी खरं जमलं ते नणंदेचं. ती शेंद्र्याला एका कंपनीत तपासणीच्या लाइनवर होती. शिफ्टभर उभं राहून माल तपासायचा, बसायची सोय नाही. कंपनीच्या बसमधून बजाजनगरला घरी पोचेपर्यंत तिचे पाय सुजलेले असायचे. घरी आली की ती खुर्चीसमोर बसून पायांना तेल चोळायची आणि सुपरवायझर आज काय काय बोलला ते सगळं खुर्चीला सांगायची. एकदा मी म्हटलं, अगं, मी पण आहे इथं, मला सांग. त्यावर ती म्हणाली की वहिनी, तुम्ही मधेच सल्ले देता.

सासूबाई पहारा देत होत्या. गॅसवाला सिलेंडर ठेवून पाणी प्यायला म्हणून तिथं टेकला, तर त्याला "भाऊ, उठा, तिथं बसलेलं हाय कुणीतरी" असं म्हणून उठवलं. त्यानं रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं आणि पाणी अर्धवट सोडून गेला. तेव्हापासून तो सिलेंडर दाराबाहेरच ठेवतो. खुद्द पाळकसाहेब भेटीला आले तेही तिथंच बसू लागले. सासूबाईंनी त्यांनाही अडवलं. आपलाच उपदेश ते विसरले होते. आठवण करून दिल्यावर माझ्या स्टुलावर बसले आणि गुडघे छातीशी घेऊन त्यांनी प्रार्थना केली. मला त्या दिवशी जरा बरं वाटलं.

आणि मग जालन्याहून पाहुणे यायचं ठरलं. नणंदेला बघायला. लेंटमध्ये आम्ही लग्न करत नाही, पण बघायला काही हरकत नसते. याआधी बरेच येऊन गेले होते. तिनं ट्रे घेऊन यायचं, भिंतीपाशी उभं राहायचं आणि समोरच्यांनी चहा पीत पीत तिला न्याहाळायचं. कुणी गीत म्हणायला लावलं, कुणी दोन पावलं चालून दाखव म्हटलं. एका बाईंनी तर बायबलच्या जुन्या करारातली पुस्तकं क्रमानं म्हणायला लावली. नणंदेनं ती म्हटली, एकही न चुकता, आणि आठवड्यानं निरोप आला की मुलीचं वय जास्त वाटतं. मला अजून त्या बाईंचा राग येतो.

जालन्याच्या मुलाचा फोटो तिला आवडला होता. तसं ती बोलली नाही, पण मला कळलं. सकाळी शिफ्टला निघताना ती चपला घालता घालता म्हणाली, "वहिनी, हे शेवटचं. यापुढं मी कुणासमोर ट्रे घेऊन उभी राहणार नाय." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी सासूबाईंना बजावलं: आज कुणी कुठंही बसू दे, तुम्ही चकार शब्द काढायचा नाही. त्यांनी खुर्चीवरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाल्या की मुलीसाठी तेवढं करते, प्रभू समजून घेईल.

दुपारनंतर पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील. वडील भारदस्त गृहस्थ, मोठ्या चर्चचे खजिनदार, दोन्ही गुडघे दुखणारे. आई आणि मुलगा दिवाणावर बसले. वडिलांनी खोलीभर नजर फिरवली, पंख्याखालची गादीची खुर्ची हेरली आणि रुमालासकट तिच्यावर बसले.

नवऱ्याला ठसका लागला. सासूबाईंनी डोळे मिटले. मी घाईघाईनं जालन्याच्या उन्हाळ्याची चौकशी केली. सगळं निभावलंही असतं, पण मुलाच्या आईंना क्रोशाची आवड निघाली. एवढा सुंदर रुमाल याच एका खुर्चीवर का, असं त्यांनी सासूबाईंना सहज विचारलं. आता गप्प राहणं वेगळं आणि लेंटमध्ये खोटं बोलणं वेगळं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं.

खजिनदारसाहेब ताडकन उठले. गुडघ्यांचं त्यांना भानच राहिलं नाही. नवऱ्यानं दुसरी खुर्ची पुढं केली, पण प्रभूच्या मांडीला मांडी लावून कसं बसायचं, असं म्हणून ते खाली सतरंजीवर बसू लागले. बसायला बराच वेळ लागला, नवऱ्यानं आणि मुलानं दोन्हीकडून धरलं होतं. आपला नवरा खाली बसल्यावर आपण दिवाणावर कसं बसायचं म्हणून मुलाची आई उतरली. मग मुलगाही खालीच बसला. पाहुणे खाली आणि आपण वर, हे बरं दिसेना म्हणून आम्हीही उतरलो. अख्खी खोली जमिनीवर आली आणि मधोमध रुमाल घातलेली रिकामी खुर्ची. मी मनात म्हटलं, झालं, गेलं हेही स्थळ.

तेवढ्यात नणंद ट्रे घेऊन आत आली.

ती नुकतीच शिफ्टवरून आली होती. साडी नेसायला जेमतेम वेळ मिळाला होता. तिनं खाली बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघितलं. ज्या भिंतीपाशी तिनं उभं राहायचं, ती रिकामी होती. तिनं भिंतीकडे बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं, आणि सरळ जाऊन प्रभूच्या खुर्चीत बसली. ट्रे मांडीवर.

ज्या खुर्चीतून पाळकसाहेब उठवले गेले, त्या खुर्चीत ही. खजिनदारसाहेब सासूबाईंकडे बघू लागले. सासूबाईंचे ओठ हलत होते. त्या खुर्चीकडे बघत होत्या, मग लेकीच्या सुजलेल्या पायांकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बसू द्या तिला," त्या म्हणाल्या. "दिवसभर उभी होती. तो उठलाय तिच्यासाठी."

मीही रडले. चहा निवत होता, कुणी हात लावत नव्हतं. मग मुलगा उठला, तिच्या मांडीवरचा ट्रे घेतला आणि सगळ्यांना कप देऊ लागला. आधी तिला दिला. तिनं एक घोट घेतला आणि इतक्या वर्षांत बघायला आलेल्या कुणालाही जे केलं नव्हतं ते केलं. तिनं प्रश्न विचारला.

"तुमच्या घरी खुर्च्या किती हायेत?"

मुलगा रिकामा ट्रे घेऊन उभा होता, भिंतीपाशी.

"मोजल्या नाय कधी," तो म्हणाला. "पन कमी पडली तर मी उठीन."