पाहुण्यांना सांगायची गोष्ट

भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला प्रेमराज पाटलाचा केळीचा मळा आहे. मळ्याच्या कडेला त्यानं बांबूच्या चार खोल्या बांधल्या आहेत आणि नदीकडे तोंड करून एक मचाण. थंडीच्या दिवसांत धुळ्याकडची, नाशिककडची माणसं तिथं बिबट्या बघायला येतात. त्यांचा स्वयंपाक यशोदाबाई करते. ती प्रेमराजची चुलत वहिनी. तिच्या नवऱ्याला, जीवरामला, याच शिवारात बिबट्यानं मारलं.

ते झालं दिवसाढवळ्या. जीवराम कपाशीच्या एका टोकाला वाकून कापूस वेचत होता, यशोदाबाई दुसऱ्या टोकाला. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, असं नंतर वनखात्यातलं कुणीतरी म्हणालं. तिनं ना आरोळी ऐकली, ना गुरगुर. कमरेची कापसाची ओटी भरली म्हणून रिकामी करायला बांधावर आली, तेव्हा जीवरामचं गाठोडं तिथंच होतं आणि तो नव्हता. मग सरीतल्या पांढऱ्या बोंडांवर रक्त दिसलं. पुढचं गावातल्या माणसांनी तिला बघू दिलं नाही.

त्यानंतर वावरात वाकायची तिची छाती होईना. पुनमचं, एकुलत्या लेकीचं, लग्न करून दिलं आणि घर सुनं झालं. प्रेमराजनं खोल्या बांधल्या तेव्हा तो स्वतः बोलवायला आला. "वहिनी, तुमच्या हातच्या भरताला चव शे. या तुम्ही." ती गेली.

बिबट्या काही रोज दिसत नाही. तो दिसला नाही की पाहुणे हिरमुसतात. अशाच एका संध्याकाळी प्रेमराजनं तिला पुढं बसवलं आणि घडलेलं सांगायला लावलं. तिला पुरतं बोलताही आलं नाही, रडायलाच आलं. पण पाहुणे हललेच नाहीत जागचे. मग प्रेमराज म्हणाला, "पाव्हनास्ले सांगत जा, वहिनी. दूरथून येतस लोके."

सांगून सांगून रडणं कमी झालं आणि गोष्ट गुळगुळीत झाली. एकदा प्रेमराजच म्हणाला, "त्यानं आवाज दिलाच असेल, वहिनी. तुम्हाला ऐकू आला नसेल इतकंच. 'यशोदा, पळ' म्हणाला असेल. स्वतः गेला, पण तुम्हाला वाचवलं त्यानं." तिला ते ऐकून बरं वाटलं. पुढच्या खेपेला ती तसंच बोलून गेली, तर नाशिकच्या एका म्हातारीनं तिला छातीशी धरलं. तेव्हापासून ती हाक गोष्टीत राहिली. रात्री डोळा लागताना यशोदाबाईला ती ऐकूही यायला लागली.

यंदा पौषात धुळ्याहून अमृत आणि दिपमाला आले. दोघं बँकेत नोकरीला, लग्नाला वर्ष झालं म्हणून दोन दिवस सुट्टी काढून आलेले. अमृतच्या गळ्यात मोठा कॅमेरा. पहिल्या संध्याकाळी नदीवर एक रानडुक्कर आणि बगळे सोडून काही दिसलं नाही. जेवणं झाल्यावर यशोदाबाईनं गोष्ट सांगितली. दिपमालेचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी येऊन बसली. यशोदाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. दिपमाला मऊ आवाजात म्हणाली, "मावशी, माझ्या आजोबांनी आजीला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. तुमचे मालक नावानं हाक मारायचे, ऐकून फार छान वाटलं मला."

यशोदाबाईचा हात परातीतच राहिला. "हां," म्हणाली ती. तव्यावरची भाकरी करपली.

जीवरामनं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. त्यांच्या घरात ती रीतच नव्हती. पुनम व्हायच्या आधी नुसतं "वं" म्हणायचा. पुनम झाल्यावर "पुनमनी माय". बारशाला पाळण्याशी बसून त्यानं ते पहिल्यांदा म्हटलं होतं आणि बायका हसल्या होत्या. दिवसभर भांडी घासताना, वांगी भाजताना ती मनाशी तेच म्हणत राहिली, पुनमनी माय, पुनमनी माय. शब्द येत होते. आवाज येत नव्हता. आवाज आणायला गेलं की "यशोदा, पळ" ऐकू यायचं, आणि तो आवाज प्रेमराजचा होता.

दिवस कलला तसा बिबट्या आला. पलीकडच्या काठाला, बाभळीखालून उतरून पाण्याशी बसला. प्रेमराज हळूच खाली आला आणि तिला मचाणावर घेऊन गेला. इतक्या वर्षांत तिनं हे जनावर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं त्याहून ते लहान होतं. पोट खपाटीला गेलेलं. ते मान खाली घालून चपचप पाणी पीत होतं. अमृतचा कॅमेरा कटकट वाजत होता. दिपमालेनं यशोदाबाईचा हात घट्ट धरला.

"सांगा, वहिनी," प्रेमराज कानाशी म्हणाला. "आता सांगा. ते समोर आहे तोवर."

अमृतनं कॅमेरा तिच्याकडे वळवला.

"आम्ही कापूस वेचत होतो," यशोदाबाई म्हणाली. "ते त्या टोकाला, मी या टोकाला." आणि ती थांबली.

"मग त्यांनी आवाज दिला," प्रेमराजनं आठवण केली.

"नाही," ती म्हणाली. "ते काहीच बोलले नही. मला काहीच ऐकू आलं नाही. मी वेचतच राहिले. ओटी भरेपर्यंत."

अमृतनं कॅमेरा खाली घेतला. पलीकडे बिबट्या उठला आणि बाभळीत शिरला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं न्याहारी न करताच निघाली. जाताना दिपमाला चुलीपाशी आली, नुसती पाया पडून गेली. प्रेमराज दोन दिवस घुश्शात होता. मग तोच पाहुण्यांना गोष्ट सांगायला लागला. तो चांगली सांगतो. यशोदाबाई तेव्हा भांड्यांच्या मोरीशी असते. नळ मोठा सोडला की तिथं काही ऐकू येत नाही.

एका दुपारी तिनं धरणगावला पुनमला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग विचारलं, "पुनम, तुन्हा बापना आवाज याद शे का तुले?"

पलीकडे तापानं नातू किरकिरत होता.

"थोडा जाड होता ना, माय?" पुनमनं विचारलं.

"हां, जाडच व्हता," यशोदाबाई म्हणाली, आणि पोराचा ताप उतरला का ते विचारलं.