गोठ्यातली साडी

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. कुणी विचारलं नाही तरी सांगते. मुरगूडकडच्या आमच्या गावातून रोज एसटीनं कोल्हापूरला जाऊन बी.कॉम. झाले आणि एकच हट्ट धरला: पदवीदानाला आई समोर बसलेली पाहिजे.

आडवी आली म्हैस.

ही म्हैस आईशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. आबा, म्हणजे माझे वडील, खाली बसले की दूध वर चढवायची, आणि जास्त लाडीगोडी केली की लाथ. त्यामुळं आई कधी कुठं राहिलीच नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या, तशी ती ताटावर न बसताच एसटीकडं पळाली, कारण संध्याकाळची धार. म्हैस दाव्याला बांधलेली आणि आई म्हशीला. किटली डेअरीत न्यायचे मात्र आबा, म्हणून गाव म्हणायचं, 'आबांचं दूध'. हे खटकायला मला कॉलेजात जावं लागलं नाही. बोलून दाखवायला जावं लागलं.

"आबा, एक दिवस तुम्ही काढा की धार," मी म्हणाले.

"मी काढतो गं. पर तिला कोण सांगणार?" त्यांनी गोठ्याकडं बोट केलं.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माझी गोठ्यातली साडी गुंडाळा की अंगाला. चुलती बाळंतपणाला गेली की आमचा चुलता तसंच करायचा."

"म्हंजे? मी साडी नेसू?"

"नेसू नका, नुसती गुंडाळा. तिला माझा वास लागतोय."

"आनि गल्लीनं बघितलं म्हंजे? तालमीत तोंड दाखवायची सोय ऱ्हायची न्हाय."

आबांनी तरुणपणी कुस्त्या मारल्यात. अजून तालमीच्या कट्ट्यावर त्यांना जागा करून देतात.

"मग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "मी न्हाय जात." नको असलेला चहा परत करावा इतक्या सहज म्हणाली. मला तेच लागलं. रडली असती तर भांडता तरी आलं असतं.

समारंभाच्या दिवशी सकाळची धार काढून ती नेहमीसारखी वैरण घालत होती. आबा दारात येऊन उभे राहिले.

"अजून हितंच? आटप की, यष्टी चुकंल."

"आनि सांजची धार?"

"साडी खुंटीला अडकव. दार लावून घेतो मी."

आईनं हातातली पेंडी तशीच टाकली.

सभागृहात माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई मात्र उठून उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, खाली बसा."

"लेक हाय माझी," तिनं मागं न बघता सांगितलं, आणि मी खाली उतरेपर्यंत उभीच होती.

बाहेर आल्यावर मी माझा काळा डगला तिच्या अंगावर चढवला. फोटो काढताना तिला हसू आवरेना. "तुझा बा तिकडं माझी साडी गुंडाळणार, नि मी हितं तुझा डगला!"

गावात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. धार कधीच व्हायला हवी होती. पण आमच्या गोठ्यासमोर चार-पाच बाप्ये उभे. दार सताड उघडं. दार लावलं की ही म्हैस बिथरते, ते आबांना सकाळी कुठं ठाऊक होतं? शेवटी उघडावंच लागलं असणार. आत आबा बसलेले, डोक्यावरून आईचा पदर, पदराखाली मिशा, आणि त्या पैलवानी गळ्यातून निघणारं, "सोड गं माझी बाय, सोड!"

शेजारचे काका हाळी देत होते, "काय वैनी, आज धारंला उशीर?"

आबांनी मान वळवली नाही. "व्हय की, पावणं. मालकीण कॉलेजात गेल्यात. त्या आल्या की फोटू बघायला या. तंवर गप ऱ्हावा, तिला बुजवू नका."

हशा पिकला. आणि त्या हशातच भांड्यात पहिली धार वाजली. काका आपसूक दोन पावलं मागं सरले.

मी आत निघाले, तर आईनं माझा दंड धरला.

"जाऊ नको. आपण आलोय ते तिला कळलं, तर ती त्यास्नी पान्हा सोडायची न्हाय."

मग ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. चपला काढल्या, पाय लांब केले. दिवेलागणीला आईला अशी बसलेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. आत धार वाजत होती, आणि आई ती पाव्हणीसारखी ऐकत होती.

"चालतंय की त्येंचा हात," थोड्या वेळानं ती म्हणाली. जरा रुसल्यासारखी. मग माझ्याकडं बघून हळूच, "तुझ्या मावशीकडं जाऊन येऊया का गं? मुक्कामाला?"